संध्याकाळी न जेवलेला माणूस

सांगली,
रविवार, दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अंबूआत्या यांस,
ब्राह्मीचा शि. सा. न. वि. वि.

मी आपण होऊन तुम्हाला पत्र लिहावे एवढे माझे वय नाही आणि तसा अधिकारही नाही, हे मी जाणून आहे. तुम्ही घरी आलात की चहाचा कप तुमच्या पुढ्यात ठेवून आत पळणारी मुलगी एकदम दोन पाने भरून लिहू लागली, याचे तुम्हाला नवल वाटेल. हा आगाऊपणा पोटात घालावा. फोन कर, असे आईने दोनदा सांगितले. परंतु फोनवर नेमके सांगायचे तेच राहून जाते. कागदावर मात्र मी बरी आहे.

तुमची राखी वेळेवर पोहोचली. बाबांनी ती आईकडून बांधून घेतली आणि दुकानात, पंपांच्या मोटारींच्या तांब्याच्या तारा गुंडाळतानाही हातावरून काढली नाही. त्याच पाकिटात माझ्या नावाचे दुसरे पाकीट निघाले. त्यातील इंग्रजी अहवालाची प्रत आणि तुमची चिठ्ठी मी वाचली. तुमचे यजमान लालासाहेब काका गेले तेव्हा आखाती देशातल्या त्या कंपनीने पाठवलेला हा कागद तुमच्या गावच्या शाळेतल्या नाथाजी गुरुजींनी त्या वेळी घाईघाईत वाचून मथितार्थ तेवढा सांगितला. आता तुम्हाला तो अक्षरन् अक्षर मराठीत हवा आहे. माझ्यावर तुम्ही हे काम सोपवलेत, यात मला फार मोठेपणा वाटला.

मी दिवसभर संगणकासमोर बसून काय करते, असेही तुम्ही विचारले आहे. सांगते. मला इंग्रजी उतारे येतात. त्यांत ‘तो’, ‘ती’, ‘तो दुसरा माणूस’, ‘मघाचा प्रवासी’ असे शब्द असतात. असा प्रत्येक शब्द उताऱ्यातल्या नेमक्या कोणाकडे बोट दाखवतो, ते शोधून मी त्या दोहोंमध्ये रेघ ओढायची. थोरल्या बहिणीने धाकटीला घागर दिली आणि ती हसली, असे लिहिले असेल तर हसले कोण, हे माणसाला बहुधा कळते; यंत्राला शिकवावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला हे जमेल का, अशी शंका काम देणाऱ्यांनी प्रथम घेतली होती. आता अडलेले उतारे माझ्याकडेच येतात.

तुमच्या कागदातील मुख्य मजकूर असा आहे :

‘सोमवार, दि. १६ नोव्हेंबर १९९८ रोजी संध्याकाळी सव्वासात वाजता केबलच्या गोदामास आग लागली. लालासाहेब व मदन हे दोन भारतीय वीजकामगार तेथे राहत असत. त्यांपैकी एक, जो आपल्या प्रथेप्रमाणे संध्याकाळच्या जेवणास गेला नव्हता, मागील खोलीत झोपला होता. दुसरा भोजनगृहातून नुकताच परतला होता. तो सोबत्याला आणण्यासाठी दोनदा आत गेला. दुसऱ्या खेपेस छताचा भाग कोसळला. मदत पोहोचली तेव्हा लालासाहेब मृत झाले होते. मदन यांचे दोन्ही हात भाजले होते.’

आत्या, माझ्या बाबांनी लालासाहेब काकांसाठी दोनदा आगीत उडी घेतली, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. त्याचसाठी तुम्ही त्यांना भाऊ मानलेत आणि मला रक्ताच्या नात्याहून जवळची आत्या मिळाली. पण कागदात ‘एक’ आणि ‘दुसरा’ एवढेच आहे; नावे नाहीत. कामाची सवय म्हणून विचारते : झोपलेले ते काका आणि आत गेलेले ते बाबा, हे गुरुजींनी कशावरून ठरवले?

बाबांना हा कागद दाखवला. त्यांनी तो हातात धरला आणि न वाचताच परत दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असे नाही.

आईचा जय जिनेंद्र. तुमच्या मायेच्या सावलीत माझी जागा राखून ठेवावी, ही विनंती.

तुमची आज्ञाधारक,
ब्राह्मी

*

रहिमतपूर, जि. सातारा
ता. २५ आगस्ट

चि. ब्राह्मीस आत्याचा पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. आगं किती शुद्ध लिवतीस! पोस्टमन म्हणला, मावशी, कलेक्टर कचेरीतनं काय आलंय व्हय? मी म्हणलं, न्हाई बाबा, भाची हाय माझी, लय हुशार हाय, निस्ती बोलत न्हाई. मला तुज्यावाणी लिवता येत न्हाई. सातवीपातूर शिकले, तवा बोलते तसंच लिवते. हसू नगंस.

तू इचारलंस, गुरुजींनी कशावरनं ठरवलं. आता त्यात ठरवायचं ते काय? सोमवार हुता न्हवं. ह्यांचा उपास हुता. जेवला न्हाई असा माणूस म्हंजे आमचंच ते. आख्ख्या गावानं मान हलवली. तुझा बाप तितंच बसला हुता, हाताला पट्ट्या बांधून. मी त्या पट्ट्यांवर डोस्कं टेकलं आन् म्हणलं, आजपसनं तुमी माझं भाऊ.

पोरी, आता तुला एक सांगते, ते म्या पोटच्या पोरीलाबी सांगितलं न्हाई. त्यो उपास त्येंचा नव्हता. माझा हुता. शिवांजली जन्मली ती मुठीएवढी. सातारच्या दवाखान्यात एकवीस दीस काचंच्या पेटीत हुती. तवा म्या महादेवाला बोलले, पोर जगू दे, दोन वरसं आमी दोघंबी सोमवार धरू. त्येंनी कवा उपास केलेला न्हाई. भुकंला लय हळवा माणूस. पण तिकडं गेल्यावरबी धरलं. हितं असताना दिवा लागायची वाट बघत ताटावर बसायचं, आन् वात पेटली रं पेटली की पयला घास तोंडात. मी म्हणायचे, आवं देवाला तरी पयलं जेवू द्या!

त्या दिवशी दिसभर पोटात काय नसंल. उन्हातलं काम. चक्कर आली असंल, जेवायच्या आधीच पडलं असतील. भरल्या पोटाचा माणूस आग लागल्यावर उठून पळाला असता. माझ्या नवसानं त्येंला झोपवलं. तुझा बाप दोनदा गेला, तरी उठलं न्हाईत.

तवापसनं दर सोमवारी दिवाबत्तीच्या वक्ताला ते दारात असत्यात. बोलत न्हाईत. आत येत न्हाईत. जेवायचं झालंय का, असं बघत्यात नुसतं. मी ताट वाढून उंबऱ्याजवळ सारते. सकाळी कोंबड्यास्नी घालते. येडी झालीया म्हणशील. न्हाई गं. सत्तावीस वरसं झाली, आता भ्या वाटत न्हाई. निस्ती लाज वाटती.

म्हणून कागद पाठवला. किती येळ झोपलं हुतं, हाक मारल्याली का, तरास झाला का, समदं त्यात आसंल तर सांग. म्या ऐकायला तयार हाय.

मदनदादाला म्हणावं, औंदा बहिणीकडं या. तुझ्या बापाला जेवाय घालायचं म्हंजे सूर्यासंगं शर्यत! पाच वाजल्यापसनं माझा तवा तापल्याला असतो, आन् ह्यो बाबा ढगाआड सूर्य गेला तरी हात धुतो. लालासाहेब पत्रात लिवायचं, मदन्याचं घड्याळ वर आभाळात हाय.

तुझ्या आईला नमस्कार. लगीन कवा करतीस? का तितंबी ‘तो’ कोण ते आदी शोधत बसणार?

तुझी,
आत्या

*

सांगली,
बुधवार, दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अंबूआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळून सहा दिवस झाले. उत्तरास विलंब झाला, त्याची क्षमा असावी. सध्या पर्युषण पर्व चालू आहे. आईचे उपवास आहेत. सकाळी मंदिर, दुपारी स्वाध्याय. हे कारण मी देत आहे, परंतु ते खरे कारण नव्हे.

तुमचा मजकूर मी कितीदा वाचला, ते सांगत नाही. सोमवारच्या त्या ताटाविषयी वाचल्यानंतर मला काम करणे कठीण झाले आहे. परवा एका उताऱ्यात नदीकाठी दोन नावाडी होते आणि पुढे ‘जो बुडाला नाही तो’ असे शब्द आले. उत्तर सरळ होते. तरी रेघ ओढताना माझा हात थांबला आणि खुर्चीमागे कोणीतरी श्वास घेत उभे आहे, असे वाटले. वळून पाहिले तर बाबा होते. ते दारातून संगणकाच्या पडद्याकडे पाहत होते. काय हवे म्हणून विचारले, तर काही नाही म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. आमच्या घरात आता प्रत्येक ‘तो’ हळू पावलांनी फिरू लागला आहे.

तुमच्या प्रश्नांविषयी. हाक मारली होती का, त्रास झाला का, हे त्या कागदात नाही. आणि ‘एक’ कोण, ‘दुसरा’ कोण, याविषयी मी एवढेच म्हणू शकते की आमच्या कामात तीन खुणा असतात. हा, तो, किंवा ‘ठरवता येत नाही’. मजकुरातील शब्द पुरेसे नसतील तर ही तिसरी खूण करण्याची मुभा असते. तुमच्या कागदावर मी ती तिसरी खूण करते. गुरुजींनी सांगितले तेही खात्रीचे धरू नये, इतकेच. तुम्ही नवसाचा बोल स्वतःकडे घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लग्नाविषयी तुम्ही लिहिले ते आईला वाचून दाखवले नाही.

तुमचा माझ्यावरचा विश्वास उणा होऊ नये, एवढेच मागते.

तुमची,
ब्राह्मी

*

रहिमतपूर
ता. १० सप्टेंबर

चि. ब्राह्मीस आशीर्वाद.

ठरवता येत न्हाई म्हणतीस. बरं. तू एवढी शिकल्याली, तुला येत न्हाई तर मग कुणालाच येत न्हाई. गुरुजींचंच खरं धरून चालायचं. इतकी वरसं चाललंय, आता किती राह्यलं.

पण पोरी, हितं एक झालंय. शिवांजली माहेरपणाला आल्याली. जावई जयराज सरहद्दीवर हाय, म्हैना झाला त्याचा फोन धड लागत न्हाई. परवाच्या सोमवारी सकाळी बघते तर ही चुलीम्होरं बसून साबूदाणा निवडाय लागल्याली. म्हणली, आई, म्या नवऱ्यासाठी सोमवार धरलेत. माझ्या अंगात काय शिरलं ठावं न्हाई. परात उचलून अंगणात भिरकावली. पोरीच्या थोबाडीत मारली, गं. आठ म्हैन्याचं तिचं प्वार कडंवर हुतं, ते किंचाळाय लागलं. ती म्हणली, तुझा देवावर इस्वास न्हाई तर माझ्या धन्याला कशाला मारतीस? आन् पिशवी भरून लोणंदला सासरी निघून गेली. फोन उचलत न्हाई. मी तिला काय सांगू? तुझ्यासाठी धरल्याल्या सोमवारानं तुझा बा गेला, असं सांगू? मग ती जलमभर सवताला खाईल. न्हाई सांगितलं तर मला तोडंल. तोडली तर तोडू दे. पण तिनं उपास सोडला पायजे. माझ्या घरात सोमवार माणसं नेतो.

आन् एक. दरसाल तुमच्या सणानंतर मदनदादाचं क्षमा मागायचं कार्ड येतं. ‘माझ्याकडून कळत नकळत झालेल्या अपराधाची क्षमा असावी.’ मी हसते, म्हणते, ह्या बाबानं माझा काय अपराध केलाय? औंदा आलं न्हाई. बरं हाय न्हवं त्याला?

तू सुखी ऱ्हा. लय इचार करू नगंस.

तुझी आत्या

*

सांगली,
१६ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अंबूआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटे बोलले. ठरवता येत होते. तुमचे पहिले पत्र वाचले त्याच दिवशी मी ठरवले होते. माझ्या बाबांना वाचवण्यासाठी मी तिसरी खूण केली आणि त्या खुणेने शिवांजलीताईच्या गालावर बोटे उमटली. आता जे लिहिते ते एकदम, न थांबता वाचावे.

लालासाहेब काका उपाशी गेले नाहीत. त्यांनी त्या संध्याकाळी सोमवार सोडला होता. ते जेवून आले होते.

कागद सांगतो की झोपलेला माणूस आपल्या प्रथेप्रमाणे संध्याकाळच्या जेवणाला गेला नव्हता. गुरुजींनी त्यातले ‘जेवला नव्हता’ एवढेच उचलले, आणि तुमच्या गावात सोमवारी न जेवणारा म्हणजे उपासाचा माणूस, असे सगळ्यांनी धरले. तिथे बाबांखेरीज कोणी जैन घरातले असते तर त्याला निराळे दिसले असते. काकांचा उपास दिवसाचा होता आणि दिवा लागताच सुटत होता. तुम्हीच तसे लिहिले आहे. सूर्य मावळल्यावर ज्याचे ताट कधीच वाढले जात नाही, असा माणूस त्या खोलीत एकच होता. त्याला पाच वाजता जेवू घालण्यासाठी तुम्ही सत्तावीस वर्षे तवा तापवत आला आहात. झोपलेले बाबा होते. दोनदा आत गेले ते काका.

शनिवारी तुमचे पत्र आले. रविवारी दुपारी मी बाबांच्या दुकानात गेले. आयुष्यात प्रथमच मी त्यांच्यासमोर उभी राहून सलग बोलले. कागद वाचला, तुमची दोन्ही पत्रे वाचली. ताटाचे वाचले, तेव्हा ते तारेचे रीळ हातात घेऊन बसले होते. परात फेकल्याचे वाचले, तेव्हा ते रीळ त्यांच्या हातून सुटले. त्यांनी काहीच नाकारले नाही. बराच वेळ तारेचे टोक शोधत राहिले. मग जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने लिहिते, कारण तुम्हाला अक्षरन् अक्षर हवे होते.

ते म्हणाले की त्या दिवशी ऊन असतानाच त्यांनी डब्यातल्या चपात्या खाल्ल्या आणि पहाटेच्या पाळीमुळे लवकर आडवे झाले. काका मेसमधून आले ते गाणे गुणगुणत; सोमवारी पोटात अन्न पडले की त्यांना कंठ फुटे, आणि बाबा अंथरुणातून त्यांना शिव्या देत. त्या दिवशीही दिल्या. आजचे वरण तुझ्या लग्नातल्यासारखे झाले होते, तू आपला आभाळाचे घड्याळ बघत मर, असे काका हसून म्हणाले आणि सिगारेट ओढायला बाहेर गेले. बाबांना पुन्हा झोप लागली. जाग आली ती काकांच्या हाकांनी. धुरात काही दिसत नव्हते. पहिल्या खेपेला काका अर्ध्या वाटेवरून फिरले आणि ओले पोते घेऊन पुन्हा आले. त्यांनी बाबांना दारापर्यंत ओढत आणले. तिथे तापलेला पत्रा आडवा पडला होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी लोटला आणि ते बाहेर पडले. मागे छत कोसळताना वळून काकांचा हात धरला नाही. मग म्हणाले की धरता आला असता की नाही, हे त्यांना माहीत नाही. पण धरला नाही, हे माहीत आहे. त्यांच्या हातांवरचे वण तुमच्या माणसाला वाचवताना पडलेले नाहीत.

रहिमतपूरला ते सारे सांगायलाच आले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. गुरुजींनी कागद वाचला, लोकांनी माना हलवल्या आणि काही बोलायच्या आत तुम्ही त्यांच्या हातांवर डोके टेकलेत. तेराव्याला सांगू म्हणाले. मग राखीला. पुढे तुम्ही दरवर्षी येत राहिलात आणि ते कार्डे लिहीत राहिले. या वर्षी मी कागद दाखवल्यापासून त्यांना कार्डावर ‘कळत नकळत’ लिहिता येईना, म्हणून ते कोरेच राहिले. नवसाचे ओझे तुम्ही वाहत आहात, याची त्यांना कल्पना नव्हती. ती असती तर बोललो असतो, असे ते म्हणाले. मला ते खरे वाटले की नाही, ते अजून कळत नाही.

आईने सगळे ऐकले. ती म्हणाली की या माणसाच्या उशाशी मी सत्तावीस वर्षे निजले आणि हा रोज कुणाच्या हाका ऐकत होता ते मला कळले नाही. त्यानंतर ती बाबांशी बोललेली नाही. मीही त्यांना काय म्हणून हाक मारावी, याचा विचार करते. ते माझे वडील आहेत आणि मी जन्मले ती लालासाहेब काकांनी दुसऱ्यांदा आत पाऊल टाकले म्हणून. हे दोन्ही एकाच वेळी मनात धरता येत नाही. पण दोन्ही खरे आहे.

एक विनंती आहे. बाकी सगळे नंतर. आधी लोणंदला निरोप धाडावा. फोन उचलत नसेल तर स्वतः जावे. शिवांजलीताईला सांगावे की तिच्या वडिलांनी तिच्यासाठी धरलेला सोमवार नीट पाळला, नीट सोडला, आणि भरल्या पोटाने, शुद्धीवर असताना, आपल्या पायांनी आगीत गेले. तिच्या जन्माने किंवा तुमच्या नवसाने त्यांना नेले नाही. जयराज भावजींसाठी तिला उपास धरायचा असेल तर तिने सुखाने धरावा.

येत्या शनिवारी सकाळच्या रेल्वेने बाबा रहिमतपूरला येणार आहेत. एकटेच. मी लिहिणार म्हटल्यावर त्यांनी विनवले की आधी मी जाऊन तोंडाने सांगतो, मग तू लिही. मी नाही म्हटले. मी त्यांना कधीच नाही म्हटले नव्हते. परंतु तुमच्या उंबऱ्यावर तुम्ही राखीचा भाऊ म्हणून त्यांचे पाय धुवायला पाणी आणाल, आणि मग त्यांच्याने बोलवणार नाही. पुन्हा तेरावे येईल आणि पुन्हा राखी येईल. म्हणून हे पत्र त्यांच्या दोन दिवस आधी तुमच्या हाती पडेल, असे पाठवत आहे. कोण येतो आहे, हे तुम्हाला आधी माहीत असावे. दार उघडावे, की उघडू नये, की उघडून नुसते पाहत राहावे, ते तुम्ही ठरवावे. त्यांना तुम्ही काहीही म्हणालात तरी मी ते योग्यच मानीन.

तुम्हाला आत्या म्हणण्याचा हक्क मला ज्या गोष्टीने मिळाला, ती गोष्ट आज मीच पुसून टाकली. तेव्हा लोभ असावा, असे लिहिण्याचे धैर्य होत नाही. नमस्कार मात्र स्वीकारावा.

ब्राह्मी मदन मगदूम

सांगली मुख्य टपाल कचेरीत स्पीड पोस्टाने दिले : मंगळवार, दि. १६ सप्टेंबर २०२५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.